जादू पटली, पण प्रेम पटले नाही

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत जादुई वास्तववादी, म्हणजे रोजच्या जगण्यात अशक्य गोष्टी सहज घडतात अशा, प्रेमकादंबऱ्यांवर जो लेख आला, त्यातील एका मताविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. अशा कादंबऱ्यांत कथानक अडले की लेखक एखादा चमत्कार घडवून मोकळा होतो आणि भाबडा वाचक, त्यातही भाबडी वाचक स्त्री, त्यावर खूश होऊन पुढचे पान उलटते, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. उदाहरणादाखल लाउरा एस्किव्हेल यांच्या ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ या मेक्सिकन कादंबरीचा दोन ओळींत उल्लेख करून तिला स्वयंपाकघरातली परीकथा ठरवून टाकले होते. मी समीक्षक नाही. मात्र ही कादंबरी मी दोनदा वाचली आहे, त्यांपैकी दुसऱ्यांदा मोठ्याने आणि तोंडी मराठी करत वाचली आहे, आणि माझा अनुभव लेखकमहाशयांच्या नेमका उलट आहे. तिच्यातल्या चमत्कारांवर माझा विनातक्रार विश्वास बसला. बसला नाही, तो तिच्यातल्या प्रेमावर.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी कथा सांगायला हवी. मूळ स्पॅनिश कादंबरी १९८९ साली प्रसिद्ध झाली. इंग्रजी अनुवाद १९९२ साली आला आणि त्याच वर्षी तिच्यावरचा चित्रपटही. कादंबरीची बारा प्रकरणे म्हणजे जानेवारी ते डिसेंबर असे बारा महिने, आणि प्रत्येक महिन्याच्या माथ्यावर एक कृती, साहित्याच्या यादीसकट. मूळ उपशीर्षकच मासिक हप्त्यांत येणारी, पाककृती, प्रेमप्रकरणे आणि घरगुती उपाय असलेली कादंबरी अशा अर्थाचे आहे. स्त्रियांच्या जुन्या मासिकांतल्या क्रमशः कथांची ती उघड उघड, मिस्कील नक्कल आहे. काळ मेक्सिकन क्रांतीचा, म्हणजे १९१० नंतरचा; स्थळ पिएद्रास नेग्रास या सरहद्दीवरच्या गावाजवळची एक रँच. नदी ओलांडली की पलीकडे टेक्सासमधले ईगल पास. या रँचवर मामा एलेना नावाची करारी विधवा आपल्या तीन मुलींसह राहते. घराण्याचा नियम असा, की सर्वांत धाकट्या मुलीने लग्न करायचे नाही, आईच्या अखेरच्या श्वासापर्यंत तिची सेवा करायची. धाकटी आहे तिता. तिच्यावर प्रेम करणारा पेद्रो मागणी घालायला येतो तेव्हा मामा एलेना त्याला तिताऐवजी तिच्याहून मोठी रोसाउरा देऊ करते, आणि पेद्रो ते मान्य करतो. कारण काय, तर तिताच्या जवळ राहता येईल.

आता माझ्याविषयी दोन शब्द, कारण त्यांच्याशिवाय पुढचे सगळे अधांतरी राहील. मी घरातले शेंडेफळ. आमच्या घरात असा कोणताही नियम कधीच नव्हता. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मला कोणी बसवून काही सांगितले नाही, कोणी काही लादले नाही, भावंडांपैकी कोणी वाईटही वागले नाही. फक्त फोनवर बोलताना प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य येत गेले: ‘तू आहेसच ना घरी.’ या वाक्यातला ‘च’ फार कामाचा आहे. तो विनंती करत नाही आणि आज्ञाही देत नाही. ठरलेलेच आहे असे गृहीत धरतो आणि बोलणे पुढे नेतो. मामा एलेनाला जे सांगायला अख्खी परंपरा लागली, ते आमच्याकडे एका अक्षरात झाले. ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती त्या काळात, आईच्या खाटेशेजारी, रात्री तिला झोप लागल्यावर, बहुधा एका रात्रीत एक महिना या वेगाने.

तिताचा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतो. आईच्या पोटात असतानाच ती कांद्याच्या वासाने रडत असे, आणि एके दिवशी हे रडणे इतके वाढते की ती अश्रूंच्या लोंढ्याबरोबरच जगात येते. सरळ सरळ अशक्य गोष्ट आहे, आणि लेखकमहाशयांना ती परीकथा वाटली असेल तर त्यांचा दोष नाही. पण पुढचे वाक्य पाहावे. पाणी वाळल्यावर फरशीवर जे मीठ उरते, ते नाचा नावाची म्हातारी स्वयंपाकीण झाडून गोळा करते, त्याने दहा पौंडांचे पोते भरते, आणि ते मीठ पुढे बरेच दिवस स्वयंपाकाला पुरते. परीकथेत आश्चर्य हे आश्चर्य म्हणूनच येते. लोक थक्क होतात, राजा दवंडी पिटतो. इथे तोंडात बोट घालायला कोणाला सवड नाही, कारण फरशी झाडायची आहे. अश्रूंचे वजन होते, साठवण होते, ते खर्ची पडतात. मला जादुई वास्तववाद हा शब्द कळला तो या पोत्याने. तो शब्द मुळात जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रोह यांनी १९२५ साली चित्रकलेसंदर्भात वापरला आणि क्यूबाच्या आलेहो कार्पेन्तिएर यांनी १९४९ साली लॅटिन अमेरिकेतले वास्तव मुळातच अद्भुत असल्याची मांडणी केली, हे मी नंतर वाचले. त्या वाचनाने ज्ञानात भर पडली खरी, पण मिठाच्या पोत्याने जे समजावले होते त्यात फारशी पडली नाही.

(कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून त्याचा एक लहानसा तुकडा डोक्यावर ठेवावा, असा उपाय निवेदिका पहिल्याच पानावर सांगते. मी तो करून पाहिला. डोळ्यांतून पाणी यायचे ते आलेच, शिवाय ओळीने दोन दिवस उशीला कांद्याचा वास येत होता.)

दुसरा चमत्कार लग्नाच्या केकचा. ज्याच्याशी आपले लग्न व्हायचे त्याच्या आणि आपल्याच बहिणीच्या लग्नाचा केक तिताला करावा लागतो. एकशे सत्तर अंडी फोडायची, फेटायची, आणि रडायचे नाही, अशी आईची सक्त ताकीद. तरीही काही अश्रू त्या मिश्रणात पडतात. दुसऱ्या दिवशी केकचा तुकडा तोंडात टाकताच पाहुण्यांना आपापले गमावलेले प्रेम आठवून हुंदके फुटतात, आणि लवकरच रडण्याची जागा ओकाऱ्या घेतात. म्हातारी नाचा तर आपल्या तरुणपणच्या वाग्दत्त वराचा फोटो हातात धरून मेलेली सापडते. तिचेही लग्न मामा एलेनाच्या आईने मोडलेले असते. मामा एलेनाला मात्र खात्री आहे की पोरीने केकमध्ये ओकारीचे औषध घातले, आणि ती तिताला इतके मारते की दोन आठवडे तिला अंथरुणातून उठता येत नाही. यातला चमत्कार कोणता आणि वास्तव कोणते, हे वेगळे करायला मला कोणी सांगितले तर मी ओकाऱ्यांना वास्तवात टाकीन आणि त्या माराला, तो गावात कोणालाही खटकू नये याला, चमत्कारात.

माझा यावर विश्वास का बसला, तेही सांगते. आईला मी चमच्याने भरवत असे. ज्या दिवशी माझे मन धुमसत असे, त्या दिवशी ती दोन घासांनंतर तोंड घट्ट मिटून घेई. मी एक शब्द बोललेली नसे, चेहराही नेहमीसारखाच ठेवलेला असे. आणि त्याच पातेल्यात, त्याच मापाने शिजवलेले तेच अन्न दुसऱ्या दिवशी ती निमूटपणे संपवत असे. चमचा धरणाऱ्या हाताची पकड बदलत असेल, घास लवकर पुढे येत असेल, काय असेल ते असो. अन्नातून काहीतरी पोहोचत होते आणि ते लपवणे माझ्या हातात नव्हते. एस्किव्हेलबाईंनी एवढेच केले आहे की जे पोहोचते त्याला लगाम घातला नाही. ज्या घरात एक वाक्य मोठ्याने उच्चारायची मुभा नाही, त्या घरातले न उच्चारलेले वाक्य ताटात उतरते, हा या कादंबरीचा भौतिक नियम आहे, आणि तिने तो बहुतेक ठिकाणी प्रामाणिकपणे पाळला आहे.

बहुतेक ठिकाणी म्हणते, सर्वत्र नाही. मामा एलेनाच्या मृत्यूनंतर धाकट्या मुलीवरचे बंधन खरे म्हणजे सुटायला हवे, पण रोसाउरा तोच नियम आपल्या मुलीवर, एस्पेरान्सावर, लादू पाहते. इथे लेखिका आपल्या जादूचा वापर सूड घेण्यासाठी करते. रोसाउरा फुगत जाते, तिच्या तोंडाला आणि अंगाला दुर्गंधी येते, नवरा तिच्या खोलीत झोपेनासा होतो, आणि अखेर ती पोटाच्या विकाराने अत्यंत अवमानकारक रीतीने मरते. या पानांवर पुष्कळ वाचक हसत असतील. मला हसू आले नाही. ज्याच्या मनात दुसरी आहे असा नवरा रोसाउराला तिच्या आईने गळ्यात बांधून दिला, तिचा पहिला मुलगा गेला, आणि घरातल्या घरात तिची बहीण नवऱ्याला रोज जेवणातून प्रेमपत्रे वाढत आहे. तिच्या दुःखाला मात्र मिठाचे पोते मिळाले नाही, फक्त वायू मिळाला. मोठी बहीण म्हणजे खलनायिका, हा सोपा रस्ता या कादंबरीला शोभत नाही. माझ्याही ताईवर मी त्या काळात मनातल्या मनात असाच अन्याय केला होता, हे ही पाने वाचताना जाणवले आणि फारसे सुखाचे वाटले नाही.

आता पेद्रो. लेखकमहाशयांनी चमत्कारांना पकडले आणि पेद्रोला सोडले, याचेच मला नवल वाटले. कारण या कादंबरीत न पटणारी गोष्ट असेल तर तो माणूस आहे.

मार्च महिन्याची कृती आहे गुलाबाच्या पाकळ्यांच्या रसातले लावे. पेद्रोने तिताला गुलाबांचा गुच्छ दिलेला असतो, आई डोळ्यांनीच तो फेकून द्यायला फर्मावते, आणि तिता ती फुले इतकी घट्ट छातीशी धरते की काटे रुतून पाकळ्यांना रक्त लागते. त्या पाकळ्यांचे जेवण होते. ते खाऊन तिताची दुसरी बहीण हेर्त्रुदिस इतकी तापते की तिच्या अंगातून गुलाबाचा वास सुटतो, अंघोळीच्या लाकडी आडोशाला तिच्या अंगच्या उष्णतेने आग लागते, ती नग्नावस्थेत रानात धावत सुटते, आणि वासाच्या मागावर रणांगण सोडून आलेला क्रांतिसेनेतला हुआन तिला धावत्या घोड्यावर उचलून घेऊन जातो. हे दृश्य इतक्या बेफाम आनंदाने लिहिलेले आहे की शंका घ्यायचे सुचत नाही. अंगणातून तिता आणि पेद्रो हे सगळे पाहत असतात. त्या क्षणी पेद्रोने आपल्याबरोबर पळून चल म्हटले असते तर तिता क्षणभरही विचार करत बसली नसती, असे निवेदिका स्पष्ट सांगते. पेद्रो काय करतो? सायकलवर टांग मारतो आणि रागाने पॅडल मारत निघून जातो.

ही सायकल माझ्या डोळ्यांसमोरून आजतागायत गेलेली नाही. एकीकडे धुराळा उडवत दिसेनासा झालेला घोडा, दुसरीकडे त्याच धुराळ्यात रागारागाने चालवलेली सायकल. लेखिकेला पेद्रो नेमका कळलेला होता, याचा हा पुरावा आहे. आणि म्हणूनच पुढच्या नऊ महिन्यांत त्याला ती थोर प्रेमिकाचे स्थान देत जाते तेव्हा मला फसवले गेल्यासारखे वाटते. तिताला मार पडतो तेव्हा पेद्रो काही करत नाही. पेद्रो-रोसाउराच्या मुलाच्या मृत्यूची बातमी आल्यावर ती आईला प्रथमच उलट बोलते, आई लाकडी डावाने तिचे नाक फोडते, आणि ती कबुतरखान्यात जाऊन वेडीपिशी होऊन बसते. तेव्हा पेद्रो सान अँतोनिओला असतो. डॉक्टर जॉन ब्राउनशी तिचे लग्न ठरते तेव्हा मात्र त्याला मत्सर करायला वेळ मिळतो. तो एकाच गोष्टीत तरबेज आहे, ती म्हणजे टक लावून पाहणे. टक लावून पाहण्याला प्रेम मानायची सवय कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी आपल्याला इतकी लावली आहे, की पाहणाऱ्याने मधल्या काळात हात हलवला का, हे विचारायचे आपण विसरतो.

प्रेमाची म्हणता येईल अशी जी एकच पाने मला या कादंबरीत सापडली, ती जूनची आहेत, आणि जूनची कृती खाण्याची नाही. ती काड्यापेटीच्या काड्या तयार करण्याची आहे. कबुतरखान्यातून तिताला खाली आणून डॉक्टर जॉन तिला नदीपलीकडे, ईगल पासला, स्वतःच्या घरी नेतो. ती निघते तेव्हा झोप न येणाऱ्या रात्रींत तिने विणलेली क्रोशाची चादर बग्गीत मावत नाही आणि लग्नातल्या झग्याच्या शेपट्यासारखी एक किलोमीटरभर मागे फरफटत जाते. जॉनच्या घरी ती बोलत नाही. आपल्या हातांकडे पाहत बसते, कारण आजवर या हातांनी कधी काय करायचे हे दुसऱ्यानेच ठरवलेले होते आणि आता ते अचानक रिकामे झाले आहेत. जॉन तिला बोलते करायचा प्रयत्न करत नाही. प्रयोगशाळेत आपले काम करता करता तो तिला सांगत राहतो, की १६६९ साली हँबुर्गच्या ब्रांट नावाच्या माणसाला परीस शोधताना फॉस्फरस सापडला. की त्याची आजी, जी किकापू या आदिवासी जमातीची होती, म्हणत असे की प्रत्येकाच्या आत एक काड्यापेटी असते, आपली काडी आपल्याला पेटवता येत नाही, दुसऱ्याचा श्वास लागतो, आणि फार काळ कोणी भेटले नाही तर पेटी सादळते. सगळ्या काड्या एकदम पेटल्या तर माणूस वाचत नाही, हाही इशारा त्यातच आहे. मग तो तिच्या हातात फॉस्फरसची कांडी देतो, न बोलण्याचे कारण भिंतीवर लिहायला सांगतो आणि निघून जातो. दिवसा भिंत कोरी दिसते. रात्री अंधारात अक्षरे चमकतात: मला बोलायचे नाही म्हणून.

कादंबरीतली बाकीची जादू रसायनशास्त्राला गुंडाळून ठेवते. हा प्रसंग घडतो तो रसायनशास्त्राच्या बळावर, आणि तरीही मला तो सर्वांत जादुई वाटतो. जॉनला उत्तर हवे आहे, पण उत्तर देणारीला पाहत उभे राहायचे नाही, म्हणून तो अंधार पडेपर्यंत थांबतो. पेद्रोचे वीस वर्षांचे टक लावून पाहणे एका बाजूला आणि हे न पाहणे दुसऱ्या बाजूला ठेवले, तर माझे पारडे कुठे झुकते हे सांगायला नको. पुढे तिता जॉनला खरे काय ते सांगून टाकते, की पेद्रोशी तिचा संबंध आला आहे. तेव्हाही तो म्हणतो की त्याने आपल्याला फरक पडत नाही, निर्णय तुझा आहे. आणि ती पेद्रो निवडते. ठीक आहे, शहाणा माणूस समोर असताना दुसऱ्याकडे ओढ लागणे यात अवास्तव काहीच नाही. माझी तक्रार निवडीबद्दल नाही, निवडीला दिलेल्या वाद्यवृंदाबद्दल आहे.

कारण शेवट असा आहे: एस्पेरान्साचे लग्न जॉनच्या मुलाशी लागते, घराण्याचा नियम मोडतो, अक्रोडाच्या रश्श्यातल्या मिरच्या खाऊन सगळे पाहुणे कामातुर होऊन पांगतात, आणि पेद्रो व तिता कोणाच्याही आडकाठीविना प्रथमच एकत्र येतात. त्या सुखाच्या शिखरावर पेद्रो मरतो. तिता काय करते, तर काड्या एकामागून एक चावून खाते, आतली आग पुन्हा पेटवते आणि त्याच्यामागोमाग जाते. रँच भस्मसात होते. पहिल्या वाचनात मी इथे पुस्तक मिटून अक्षरशः जमिनीवर ठेवले होते. आईच्या हयातीत न मरलेली, आईच्या भुताला ‘मी तुझा तिरस्कार करते’ असे तोंडावर सांगून पळवून लावणारी, भाचीला तिचे आयुष्य मिळवून देणारी बाई ज्या दिवशी पूर्ण मोकळी होते, त्याच दिवशी लेखिका तिला एका सायकलवाल्यासाठी जाळून टाकते. राखेखाली तिची पाककृतींची वही तेवढी शाबूत सापडते आणि भाचीची मुलगी, म्हणजे आपली निवेदिका, ती वही पुढे चालवते. वहीबद्दल मला आनंद आहे. पण वही लिहिणारी आणखी तीस वर्षे जगून, हात रिकामे ठेवून, खिडकीत बसली असती तर ती मला अधिक मोठी प्रेमकथा वाटली असती.

आता दुसऱ्या वाचनाविषयी. आईला इंग्रजी येत नव्हते आणि डोळेही साथ देत नव्हते, म्हणून तिला रोज थोडे थोडे मराठी करून वाचून दाखवत होते. तिला खाण्याच्या गोष्टी आवडत. जानेवारीच्या प्रकरणात धाकट्या मुलीचा नियम येतो, ते पान मी वगळले. पूर्वी ठरवले नव्हते, त्या ओळीवर पोहोचल्यावर दोन पाने उलटून पुढे गेले. आईने काही म्हटले नाही. केकचा प्रसंग ऐकून ‘अंडी नासकी असतील’ एवढाच अभिप्राय दिला. मार्चमध्ये सायकल आली तेव्हा मात्र तिने मला थांबवून विचारले, ‘पण ती मुलगी दुसऱ्या कुणाशी लग्न का करत नाही?’ मी म्हटले, पुढे येईल. दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारले. तेव्हा मी मागे जाऊन ते पान काढले आणि वाचले. वाचताना आवाज सरळ ठेवणे जमले असे मला वाटते.

आई बराच वेळ छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘तिच्या आईला तरी कुणी विचारलं असेल का?’

कादंबरी वाचलेल्यांना ठाऊक असेल की जुलैच्या प्रकरणात मामा एलेना मेल्यावर तिच्या गळ्यातल्या किल्लीने एक पेटी उघडते. पेटीत होसे त्रेविन्यो नावाच्या माणसाची पत्रे निघतात. त्याच्या रक्तात काळ्या माणसाचे रक्त होते म्हणून मामा एलेनाच्या आईबापांनी तिचे लग्न दुसऱ्याशी लावलेले असते, आणि हेर्त्रुदिस ही त्या माणसाची मुलगी. ती पत्रे वाचल्यावर तिता अंत्यविधीत रडते, ते मारणाऱ्या आईसाठी नव्हे, त्या पेटीतल्या मुलीसाठी. जे समजायला मला दीडशे पाने लागली होती ते आईला मार्चमध्येच समजले होते. तिच्या गळ्यातली किल्ली कोणती, हे मी तिला विचारले नाही. तिनेही मला काही विचारले नाही. त्या दिवशी तिने वाटीतले सगळे संपवले.

वाचन ऑक्टोबरपर्यंत पोहोचले. त्या प्रकरणात क्रांतिसेनेची सेनापती होऊन घरी आलेली हेर्त्रुदिस, जिला पाणीही नीट उकळता येत नाही, आपल्या सार्जंटला पाककृतीचा कागद देऊन साखरेचा पाक करायला बसवते, तिथे आई मोठ्याने हसली होती. नोव्हेंबर आणि डिसेंबर तिला वाचून दाखवायचे राहून गेले. शेवटच्या दिवसांत कथेची आठवण निघाली तेव्हा पेद्रोचे पुढे काय झाले, असे तिने एकदाही विचारले नाही. तो डॉक्टर आपल्या मावशीला आणायला गेला होता, तो परत आला का, एवढे मात्र दोनदा विचारले.

आपली विश्वासू,
एक वाचक